राष्ट्राध्यक्ष ग्रँट: १८७१ चे धैर्य आणि १८७५ ची माघार

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष दिन असतो, आणि त्या सुमारास कोणता राष्ट्राध्यक्ष थोर, कोणता सुमार आणि कोणता अगदीच अपयशी याच्या याद्या पुन्हा चर्चेत येतात. न्यू जर्सीतील आम्ही काही मराठी कुटुंबे अधूनमधून वाचन आणि चर्चेसाठी जमतो, तेव्हा या याद्यांवरून आमच्यातही जोरदार वाद होतात. लिंकन, फ्रँकलिन रूझवेल्ट, केनेडी, रेगन यांच्याविषयी प्रत्येकाला काही ना काही म्हणायचे असते. यादवी युद्धातील उत्तरेचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांचे नाव निघाले की मात्र ‘सेनापती उत्तम, राष्ट्राध्यक्ष सामान्य, कारभार भ्रष्ट’ एवढ्यावर विषय आटोपतो. एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या वारशाचा न्याय कसा करावा आणि कसा करू नये, हे समजून घ्यायला ग्रँट यांच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटले.

आर्थर श्लेसिंजर या इतिहासकारांनी १९४८ मध्ये ५५ तज्ज्ञांची मते मागवून अशी पहिली गाजलेली यादी केली, ती ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आली. तीत २९ राष्ट्राध्यक्षांमध्ये ग्रँट यांचा क्रमांक २८ वा होता. त्यांच्याखाली केवळ वॉरन हार्डिंग होते. सी-स्पॅन या वाहिनीने २००० साली इतिहासकारांकडून क्रमवारी करून घेतली तेव्हा ग्रँट ३३ व्या स्थानी होते, २००९ मध्ये ते २३ व्या स्थानी आले आणि २०२१ मध्ये २० व्या. याच काळात अँड्र्यू जॉन्सन यांचा प्रवास उलट्या दिशेने झाला. लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले हे गृहस्थ १९४८ च्या यादीत ‘सरासरी’ या वर्गात सुखाने बसले होते; २०२१ च्या यादीत त्यांच्याखाली केवळ यादवी युद्धाच्या तोंडावरचे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन उरले. दोघांनाही जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्यांच्या हातून घडलेल्या गोष्टींत आता बदल होणे शक्य नाही, आणि त्या गोष्टींची मुख्य कागदपत्रे १९४८ मध्येही अभ्यासकांना उपलब्ध होतीच. तेव्हा बदल झाला तो प्रश्नांत: गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत झालेल्या यादवी युद्धानंतर (१८६१–६५) मुक्त झालेल्या चाळीस लाख कृष्णवर्णीय माणसांचे काय झाले, हा प्रश्न पूर्वी मोजमापात धरलाच जात नसे आणि आता तो धरला जातो.

प्रश्न बदलला हे योग्यच झाले. मात्र त्या बदलातून आज जे दोन पक्ष उभे राहिले आहेत त्या दोघांशीही माझे जमत नाही. एका पक्षाला ग्रँट म्हणजे अन्याय झालेला महापुरुष वाटतो, ज्याचे स्थान आणखी वर नेले पाहिजे. दुसऱ्या पक्षाने जून २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील त्यांचा अर्धपुतळा पाडला, कारण ग्रँट यांच्याकडे कधीकाळी एक गुलाम होता. माझे म्हणणे असे की ग्रँट यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे यशच त्यांच्या सर्वांत मोठ्या अपयशाला दोषी ठरवणारा पुरावा आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र वाचल्याखेरीज त्यांच्याविषयी न्याय्य मत बनवता येत नाही. मात्र त्याआधी जॉन्सन यांच्याविषयी बोलावे लागेल, कारण ग्रँट यांच्या हाती आलेली परिस्थिती जॉन्सन यांनी घडवलेली होती.

जॉन्सन टेनेसीचे. अत्यंत गरिबीतून वर आलेले, व्यवसायाने शिंपी, आणि दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली तेव्हा संघराज्याच्या बाजूने उभे राहिलेले तिकडचे एकमेव सिनेटर. एवढे वाचून कोणालाही त्यांच्याविषयी आदर वाटावा. परंतु मे १८६५ मध्ये त्यांनी बंडखोरांसाठी माफीचा जाहीरनामा काढला आणि पुढील काही महिन्यांत मोठमोठ्या जमीनदारांनाही सढळ हाताने माफी दिली. उत्तरेचे सेनानी जनरल शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या हुकमाने दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या किनारपट्टीवर सुमारे चार लाख एकर जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली होती, आणि जवळजवळ चाळीस हजार माणसे तिथे वसून शेती करू लागली होती. ती जमीन जुन्या मालकांना परत देण्याचे जॉन्सन यांनी ठरवले. हा निर्णय सांगण्यासाठी मुक्त माणसांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड ऑक्टोबर १८६५ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या एडिस्टो बेटावर गेले. तिथल्या चर्चमध्ये दोन हजारांच्या आसपास माणसे जमली होती. त्यांच्यापुढे उभे राहून, तुम्ही कसत असलेली जमीन आता तुमची नाही, हे हॉवर्ड यांना सांगावे लागले. त्यानंतर बेटावरील लोकांच्या समितीने राष्ट्राध्यक्षांना जो अर्ज लिहिला तो आजही वाचायला मिळतो. ज्यांनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले त्यांना जमीन, आणि जे सरकारशी एकनिष्ठ राहिले त्यांना काहीच नाही, हा कोणता न्याय, असा सरळ प्रश्न त्या अर्जात आहे. जॉन्सन यांच्या संपूर्ण कारकिर्दीवर त्याहून नेमके भाष्य मी वाचलेले नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगते. दक्षिणेतील राज्यांनी ‘काळे कायदे’ करून मुक्त माणसांना पुन्हा वेठीला जुंपण्याची व्यवस्था केली. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला आणि अमेरिकी काँग्रेसने तो दोन तृतीयांश बहुमताने झुगारून दिला. १८६८ मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालला आणि सिनेटमध्ये केवळ एका मताने ते बचावले. ज्या कायद्याचा भंग केल्याचा त्यांच्यावर मुख्य आरोप होता तो कायदाच घटनाबाह्य होता, असा निर्वाळा १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि जॉन्सन यांचे समर्थक आजही त्यावर बोट ठेवतात. कायद्याच्या मुद्द्यावर त्यांचे बरोबर आहे. पण एडिस्टो बेटावरच्या माणसांना त्या निकालाचा काय उपयोग?

ग्रँट मार्च १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा ४६ वर्षांचे होते. युद्धापूर्वीची त्यांची वर्षे अपयशाची होती. सैन्यातून राजीनामा दिलेला, सेंट लुईसजवळ सासऱ्यांच्या जमिनीवर केलेली शेती बुडालेली, आणि शेवटी गलीना या गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात नोकरी. सासरचे कुटुंब गुलाम बाळगणारे होते. विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम ग्रँट यांच्या मालकीचा होता, आणि मार्च १८५९ मध्ये, म्हणजे त्याला विकून मोठी रक्कम सहज मिळाली असती अशा हलाखीच्या काळात, ग्रँट यांनी त्याला मुक्त केले. पुतळा पाडणाऱ्यांना यातला पहिला भाग माहीत होता. मला दुसरा भाग सांगून पहिला पुसायचा नाही. माणूस माणसाच्या मालकीचा होता हे पुसता येत नाही. डिसेंबर १८६२ मध्ये आपल्या लष्करी विभागातून सर्व ज्यूंना हाकलण्याचा जो हुकूम त्यांनी काढला, तोही तसाच लाजिरवाणा होता. लिंकन यांनी तो रद्द करायला लावला, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ग्रँट यांनी ज्यू नागरिकांना पदांवर नेमून ती चूक बऱ्याच अंशी भरून काढली. मात्र राष्ट्राध्यक्षाचा वारसा तपासताना त्याच्या हातात राज्यसत्ता असताना त्याने ती कोणासाठी वापरली आणि कोणासाठी वापरली नाही, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता १८७१. दक्षिण कॅरोलायनातील यॉर्क काउंटी. पंधराव्या घटनादुरुस्तीने आदल्याच वर्षी कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताधिकाराला घटनेचे संरक्षण दिले होते, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त दहशतवादी संघटनेच्या टोळ्या रात्री घोड्यांवरून फिरून तो हक्क मारून टाकत होत्या. मार्च महिन्यात जिम विल्यम्स या कृष्णवर्णीय मिलिशियाच्या (राज्याच्या नागरी सैन्यदलाच्या) कॅप्टनला घरातून ओढून नेऊन झाडाला फाशी दिले गेले. मे महिन्यात इलायस हिल या धर्मोपदेशकाच्या घरी टोळी आली. हिल यांचे हातपाय लहानपणापासूनच अधू होते. त्यांना ना चालता येत होते ना कोणाचा प्रतिकार करता येत होता. त्यांना अंगणात फेकून चाबकाने मारले. त्यांनी नंतर काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे सविस्तर साक्ष दिली, आणि या देशात आपल्याला शांतपणे जगता येणार नाही अशी खात्री पटल्यावर शंभराहून अधिक माणसांना घेऊन ते लायबेरियाला निघून गेले.

राज्य सरकारे हतबल होती, स्थानिक शेरीफ आणि ज्युरी क्लॅनचेच. अशा वेळी ग्रँट यांनी जे केले ते त्यांच्या आधी कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने शांततेच्या काळात केलेले नव्हते. स्वतंत्र न्याय खाते १८७० मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले होते. एप्रिल १८७१ मध्ये त्यांनी कू क्लक्स क्लॅन कायदा काँग्रेसकडून करून घेतला, त्यासाठी स्वतः कॅपिटॉलमध्ये जाऊन सदस्यांना भेटले, आणि ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅरोलायनातील नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटक झालेल्याला न्यायालयापुढे दाद मागण्याचा, हक्क स्थगित केला. ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, होते एमॉस ॲकरमन, जॉर्जियाचे, पूर्वी बंडखोरांच्या बाजूने राहिलेले आणि युद्धानंतर मनापासून बदललेले. ते स्वतः यॉर्क काउंटीत गेले. सैन्याने शेकडो माणसांना अटक केली, शेकडो जणांनी आपण होऊन शरण येऊन कबुलीजबाब दिले, कित्येक म्होरके राज्य सोडून पळाले. नोव्हेंबरमध्ये कोलंबिया शहरात जे खटले सुरू झाले, त्यांत ज्युरीवर कृष्णवर्णीय नागरिक बहुसंख्येने होते. ज्यांना वर्षभरापूर्वी चाबकाने फोडले जात होते, त्यांच्यापैकी माणसे आता निकाल देण्यासाठी बसली होती. वर्ष संपेतो क्लॅनची संघटना मोडून पडली, आणि १८७२ ची निवडणूक दक्षिणेत तुलनेने शांततेत पार पडली.

एवढी मोठी गोष्ट विस्मरणात कशी गेली? काही दोष ग्रँट यांचाच. त्यांच्या भोवतालची माणसे लाचखोर होती आणि मित्रांवर आंधळा विश्वास टाकणे ही त्यांची सवय अखेरपर्यंत सुटली नाही. १८६९ मध्ये जे गूल्ड आणि जेम्स फिस्क यांनी सोन्याचा बाजार कोंडीत पकडायचा डाव टाकला, त्यात राष्ट्राध्यक्षांचा मेहुणा सामील होता. दारूवरील कर बुडवणाऱ्या टोळीच्या प्रकरणात त्यांचे खासगी सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक आरोपी झाले, आणि ग्रँट यांनी त्यांच्या बाजूने साक्ष नोंदवली. युद्धमंत्री बेल्कनॅप यांनी १८७६ मध्ये लाचखोरी उघडकीस येताच घाईघाईने राजीनामा दिला. ही यादी खरी आहे आणि ग्रँट यांच्या नव्या चाहत्यांनी ती झटकून टाकू नये. ग्रँट यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचा पुरावा मात्र कोणालाही मिळालेला नाही. १८८४ मध्ये त्यांच्या मुलाच्या भागीदाराने सगळी पेढी बुडवली तेव्हा ते अक्षरशः निष्कांचन झाले.

बाकीचा दोष इतिहास लिहिणाऱ्यांचा. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पुनर्रचना काळाचा, म्हणजे यादवी युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याच्या वर्षांचा, जो इतिहास लिहिला, त्यात कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे हीच मूळ चूक ठरवली गेली, क्लॅन ही नाइलाजाने उठलेली प्रतिक्रिया ठरली, आणि सैन्य पाठवणारे ग्रँट जुलमी आणि अकार्यक्षम असे एकाच वेळी दोन्ही ठरले. १९४८ मध्ये ज्या ५५ तज्ज्ञांनी मते दिली, त्यांची पिढी याच मांडणीवर वाढलेली होती. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी पुनर्रचना काळावरील आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतील वाक्ये एकामागून एक उद्धृत करून हा इतिहास म्हणजे प्रचार कसा आहे, हे दाखवून दिले होते. बहुतेक विद्यापीठांनी त्यांच्याकडे पंचवीस-तीस वर्षे दुर्लक्ष केले.

ग्रँट यांची समाधी न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीच्या काठी आहे, कोलंबिया विद्यापीठापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर. मी तिथे गेले तेव्हा या निकटतेने मला फार अस्वस्थ केले होते. १८९७ मध्ये समाधीचे उद्घाटन झाले तेव्हा प्रचंड गर्दी लोटली होती. अमेरिकेतील ती सर्वांत मोठी समाधी. आणि तिच्या इतक्या जवळ, त्याच वर्षांत, तिच्यात चिरविश्रांती घेणाऱ्या माणसाच्या सर्वोत्तम कामाला चूक ठरवणारे ग्रंथ लिहिले जात होते. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकायला आले, तेव्हा डनिंग तिथेच शिकवत होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते ड्यू बॉइस यांना, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी, आणि अस्पृश्यांचा व कृष्णवर्णीयांचा प्रश्न किती सारखा आहे हे त्यांनी त्या पत्रात नोंदवले.

आता मला ज्या वर्षाविषयी मुख्यतः बोलायचे आहे, त्या १८७५ कडे येते.

आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लाँग ब्रँच नावाचे गाव आहे. तिथे समुद्रकाठच्या एका उद्यानाला सात राष्ट्राध्यक्षांच्या स्मरणार्थ नाव दिले आहे, कारण ग्रँट यांच्यापासून विल्सन यांच्यापर्यंत सात राष्ट्राध्यक्ष उन्हाळ्यात या गावी येत असत. सप्टेंबर १८७५ मध्ये ग्रँट तिथल्या आपल्या बंगल्यात होते. मिसिसिपीत निवडणूक जवळ आली होती आणि गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्या उघडपणे, मुखवटे न घालता, सभा उधळत आणि माणसे मारत फिरत होत्या. क्लिंटन या गावी ४ सप्टेंबरला सभेवर हल्ला झाला आणि त्यानंतरचे काही दिवस आसपासच्या भागात कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना शोधून शोधून मारण्यात आले. गव्हर्नर ॲडेल्बर्ट एम्स यांनी वॉशिंग्टनकडे सैन्य मागितले.

ॲटर्नी जनरलच्या जागी आता एडवर्ड्स पिअरपॉन्ट होते. ग्रँट यांनी लाँग ब्रँचहून त्यांना जे पत्र लिहिले, त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ते म्हणतात की दक्षिणेत दरवर्षी शरद ऋतूत उसळणाऱ्या या दंग्यांना सारी जनता कंटाळली आहे आणि सरकारने हस्तक्षेप केलेला बहुसंख्य लोकांना आवडणार नाही. दुसऱ्या भागात ते म्हणतात की सैन्य पाठवण्याआधीचा जाहीरनामा न काढता शांतता झाली तर उत्तम, पण न झाल्यास तो काढावाच लागेल, आणि मग सैन्याच्या प्रमुखाला मी सांगेन की हा पोरखेळ होता कामा नये. पिअरपॉन्ट यांनी एम्स यांना उत्तर पाठवताना पहिला भाग पुढे केला आणि दुसरा गाळला. सैन्य आले नाही. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले. यॅझू काउंटीत कृष्णवर्णीय मतदारांचे मोठे बहुमत होते. तिथे ग्रँट यांच्या, म्हणजे कृष्णवर्णीय मतदार ज्याला मते देत त्या, रिपब्लिकन पक्षाला सात मते पडली. सात हजार किंवा सातशे नव्हे, सात. पुढच्या मार्चमध्ये महाभियोगाच्या धमकीखाली एम्स यांनी राजीनामा दिला, आणि हाच नमुना वापरून इतर राज्येही हस्तगत करता येतील हे सर्वांना कळून चुकले.

ग्रँट यांची बाजू घेणारे इथे पिअरपॉन्ट यांच्याकडे बोट दाखवतात. पिअरपॉन्ट यांनी जे केले ते अक्षम्य होते, यात वाद नाही. परंतु पत्र लिहून झाल्यावर मतदानापर्यंत सहा आठवड्यांहून अधिक काळ होता. वर्तमानपत्रे रोज लाँग ब्रँचला पोहोचत होती. शांतता झालेली नाही हे ग्रँट यांना कळत होते आणि ‘मग मी जाहीरनामा काढीन’ असे त्यांनी स्वतःच लिहिले होते. जॉन लिंच हे गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेलेले मिसिसिपीचे नेते. निवडणुकीनंतर ग्रँट यांना भेटून त्यांनी याबद्दल थेट विचारले. लिंच यांनी लिहून ठेवले आहे त्यानुसार ग्रँट यांनी कारण दिले ते ओहायोचे: मिसिसिपीत सैन्य पाठवले तर ओहायोतील निवडणूक हातची जाईल, असे त्या राज्यातल्या पक्षाच्या माणसांनी येऊन सांगितले होते. मिसिसिपी तशीही जाणारच होती, मग ओहायो तरी राखावे, असा तो हिशेब.

याच्या समर्थनार्थ जी कारणे सांगितली जातात, ती हलकी नाहीत. १८७३ च्या सप्टेंबरमध्ये जे कुक यांची पेढी बुडाली आणि देश मंदीत गेला. उत्तरेतील कामगारांना नोकऱ्यांची चिंता होती. १८७४ मध्ये प्रतिनिधिगृहातील बहुमत विरोधकांकडे गेले. १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्स येथे ईस्टरच्या दिवशी कृष्णवर्णीयांची भीषण कत्तल झाली, ग्रँट यांनी जानेवारी १८७५ मध्ये सिनेटला पाठवलेल्या संदेशात तिचा अत्यंत कठोर शब्दांत धिक्कार केला, पण ज्या थोड्यांना शिक्षा झाली तेही सुटले, कारण सर्वोच्च न्यायालयाने मार्च १८७६ मध्ये केंद्र सरकारचे हातच बांधून टाकले. त्या निकालाचे लेखन करणारे सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांना ग्रँट यांनीच नेमले होते, ही गोष्ट त्यांच्या वारशात धरली जात नाही. ती धरली पाहिजे.

लोक कंटाळले होते, हे सगळ्यांत जास्त वेळा दिले जाणारे कारण. पण १८७१ मध्येही लोक कंटाळलेच होते. तेव्हाही ग्रँट यांना हुकूमशहा म्हटले गेले, त्यांच्याच पक्षातील मोठा गट याच सुमारास त्यांच्या विरोधात गेला, आणि ॲकरमन यांना तर वर्ष संपता संपता त्यांनी पदावरून दूर केले. तरी नऊ काउंट्यांत सैन्य गेले आणि क्लॅन मोडली. दहशतीपुढे सरकारचे काही चालत नाही, हे म्हणणे १८७१ नंतर खरे राहिले नव्हते, आणि ते खोटे पाडणारे ग्रँट स्वतःच होते. ब्युकॅनन किंवा जॉन्सन यांच्याबद्दल म्हणता येईल की त्यांना काय करायला हवे ते कधी दिसलेच नाही. ग्रँट यांना दिसले होते, त्यांनी ते करून दाखवले होते, त्याची किंमत त्यांना ठाऊक होती, आणि चार वर्षांनी ती किंमत मोजायला ते तयार झाले नाहीत. म्हणूनच मी त्यांना जॉन्सन यांच्यापेक्षा कितीतरी वरचे स्थान देते, आणि त्याच कारणाने १८७५ ची माघार त्यांना माफ करू शकत नाही.

त्याच शरद ऋतूत आणखी एक निर्णय झाला. १८६८ च्या करारानुसार ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश लकोटा या आदिवासी लोकांचा होता. तिथे सोने सापडल्याची बातमी १८७४ मध्ये पसरली आणि खाणवाल्यांची रीघ लागली. नोव्हेंबर १८७५ मध्ये व्हाइट हाउसमधील बैठकीत ग्रँट यांनी ठरवले की या घुसखोरांना सैन्याने यापुढे अडवू नये, आणि राखीव क्षेत्राबाहेर राहणाऱ्या लकोटांना ३१ जानेवारीपर्यंत आत येण्याचा आदेश द्यावा. हिवाळ्याच्या ऐन थंडीत हे पाळणे अशक्य होते. त्यातून १८७६ चे युद्ध उभे राहिले. हे करणारा राष्ट्राध्यक्ष तोच, ज्याने सेनेका जमातीच्या इलाय पार्कर यांना इंडियन व्यवहार खात्याचे प्रमुख नेमले होते आणि आदिवासींशी शांततेच्या धोरणाने वागण्याचे वचन दिले होते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन अन्यायाने घेतली गेल्याचे मान्य करून भरपाई मंजूर केली. लकोटांनी ते पैसे आजतागायत स्वीकारलेले नाहीत, त्यांना जमीन हवी आहे. याद्यांमध्ये हा विषय अजूनही एखाद्या तळटीपेएवढाच असतो, याचे मला दुःख वाटते.

आम्हा मराठी माणसांसाठी या काळाशी एक जवळचा धागा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला होता, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा अशी जोतीरावांची इच्छा होती. ग्रँट यांची दुसरी कारकीर्द त्याच वर्षी सुरू झाली. कोलफॅक्सची कत्तलही त्याच वर्षीची. पुढे निवृत्तीनंतर जगाच्या प्रवासाला निघालेले ग्रँट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात राहिले. तेव्हा जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आमच्या गटात कोणीतरी म्हणाले की जोतीरावांची अर्पणपत्रिका भाबडी होती, अमेरिकेने तोपर्यंत मुक्त माणसांना वाऱ्यावर सोडायला सुरुवात केली होती. मला हे पटत नाही. १८७१ आणि १८७२ मध्ये सरकारने क्लॅनला खरोखरच मोडले होते. अर्पणपत्रिकेतील कौतुक ज्या निष्ठेचे आहे ती निष्ठा त्या क्षणी अस्तित्वात होती. ती टिकली नाही याचा जाब जोतीरावांकडे मागण्याचे कारण नाही.

२०१० मध्ये पन्नास डॉलरच्या नोटेवरून ग्रँट यांचे चित्र काढून रेगन यांचे घालावे असे विधेयक काँग्रेसमध्ये आले होते. ते पुढे सरकले नाही. २०२२ च्या अखेरीस काँग्रेसने ग्रँट यांना मरणोत्तर सर्वोच्च सेनापतिपद देण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना दिली. या दोन्ही गोष्टींवर आमच्याकडे तावातावाने चर्चा झाली, आणि दोन्ही वेळा मला वाटले की ज्या ठिकाणी ग्रँट यांचा वारसा रोज वापरात आहे तिकडे कोणाचे लक्ष नाही. एप्रिल १८७१ च्या कायद्याचे पहिले कलम आज संघीय कायदेसंहितेत १९८३ या क्रमांकाने आहे. ते जवळजवळ नव्वद वर्षे अडगळीत पडून होते; शिकागोच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात पोलीस पहाटे घुसले त्या प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा जीव दिला. पोलिसांनी किंवा तुरुंगाधिकाऱ्यांनी घटनादत्त हक्क पायदळी तुडवले म्हणून अमेरिकेत आज जो नागरिक नुकसानभरपाई मागायला संघीय न्यायालयात जातो, तो बहुधा याच कलमाखाली दावा लावतो. ६ जानेवारी २०२१ रोजी कॅपिटॉलवर चाल झाली, त्यानंतर काँग्रेसच्या काही सदस्यांनी जे दिवाणी दावे लावले, तेही त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाच्या आधारे. यॉर्क काउंटीतील जिम विल्यम्स आणि इलायस हिल यांच्यासारख्यांच्या रक्षणासाठी झालेला कायदा आहे तो, आणि पुढच्या वेळी ग्रँट यांच्या क्रमांकावर वाद निघेल तेव्हा आधी त्या नऊ काउंट्या आणि यॅझूची ती सात मते समोर ठेवूनच बोलावे, असा माझा आग्रह राहील.